पाय नाकारणारी मावशी

तिच्या घरात जमिनीवर पावलं काढलेली होती. सणाला काढतात तशी दारातून आत येणारी नव्हेत. ही उभी पावलं होती, जोडीनं, पांढऱ्या ऑइलपेंटची. माठापुढे एक जोडी, मोरीच्या नळापुढे एक, गॅसच्या ओट्यापुढे एक, कपाटापुढे एक, पलंगाच्या कडेला एक. बारावीनंतर अमरावतीत कॉलेजला नाव घातलं, तेव्हा बाबांबरोबर मी तिच्याकडची भाड्याची खोली पाहायला गेले होते. जूनची कोरडी दुपार होती. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे आधी अंधारच आला आणि त्या अंधारातून ती पावलं एकेक करून दिसू लागली. पाच-सहा माणसं भिंतींकडे तोंड करून उभी आहेत आणि त्यांचे फक्त पाय आपल्याला दिसत आहेत, असं मला वाटलं.

"हे काय होय?" बाबांनी विचारलं.

"उभं राहाच्या जागा," ती म्हणाली. "वजन उचलाच्या आंधी पाय कुठं पाहिजे हे ठरलं पाहिजे. मानूस समजते का आपन हातानं उचलतो. म्हनून पडते."

मधल्या खोलीत मात्र जोडी नव्हती. तिथं एकच पाऊल होतं, डावं, खोलीच्या मधोमध. त्याच्यापुढे ना माठ, ना कपाट; नुसती मोकळी फरशी. मी विचारणार होते, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती बाबांना दाराच्या कड्या दाखवायला घेऊन गेली.

बाबांना घर पसंत पडलं. बाई एकटी, दारं मजबूत, कॉलेज पायी पंधरा मिनिटांवर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेल्हारा तालुक्यातल्या आमच्या गावात तोवर मुलगी शिकायला बाहेर ठेवायची पद्धत नव्हती, त्यामुळे मजबूत दारांना फार महत्त्व होतं. आज मी अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत आई-बाबा आणि गावच्या शाळेतले सर यांच्यानंतर मी या मावशीचं नाव घेते. पण खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मला तिची भीती वाटत होती.

पहिल्याच पहाटे मला जाग आली ती बोलण्याच्या आवाजानं.

"उठून राहिली बरं का व. जागी आहे ना? कुशीवर होतो आता." मग पलंग करकरला. "हं. पाय खाली सोडतो. हातानं रेटतो. सांभाळजो."

मग हळूच, "झालं, माय."

मला वाटलं, तिच्या खोलीत दुसरं कुणीतरी झोपलेलं आहे, आजारी असेल. चहाच्या वेळी पाहिलं तर घरात आम्ही दोघीच.

"मावशी, कोणाशी बोलत होता?"

"मांगचीसंगं."

"कोण मागची?"

"माह्या मांगं राह्यते ते. तुह्याही मांगं आहे. तू बोलत नाही तिच्यासंगं, म्हनून तुले मालूम नाही."

मी नकळत मागं वळून पाहिलं.

"अशी गर्रकन फिरू नको," ती म्हणाली. "तिले ते आवडत नाही."

ती स्वतः कधीच तशी फिरत नसे. मागून हाक मारली की काही क्षण नुसती पाठ दिसायची. मग आधी पावलं वळायची, एक, दुसरं, पुन्हा पहिलं. त्यांच्यामागून कंबर, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी चेहरा. हाक मारून आपण थांबलेलो असतो आणि समोरचं माणूस दाराच्या फळीसारखं सावकाश आपल्याकडे उघडत येतं. पहिले काही दिवस मी तिला मागून हाक मारायचंच सोडलं होतं. ती मागची म्हणजे कंबर, हे मला हळूहळू कळलं. तिची स्वतःची कंबर कामातून गेलेली होती. "अकरा वर्सं एका मानसाले उचललं," एवढंच ती सांगायची. ते माणूस कोण, हे सांगत नसे.

ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना डोकं आधी न येता पाय आधी आलेली. आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. विजा कडाडायला लागल्या की तिनं दाराबाहेर पडू नये, पायाळूवर वीज पडते, असं शेजारणी म्हणायच्या. पायाळूला जमिनीखालचं दिसतं, असंही म्हणायच्या. एकदा मी तिला विचारलं, दिसतं का खरंच? ती म्हणाली, "जमिनीखालचं नाही दिसत. मानसाच्या चालीतलं दिसते."

ते मात्र खरं होतं. संध्याकाळी ती ओसरीवर एक पाय विटेवर ठेवून उभी राहायची आणि रस्त्यावरची माणसं पाहायची. पाण्याचे जार टाकणारा एक जण रोज यायचा. जार गाडीतून ओढायचा आणि त्याच झोकात कमरेतून पिळा घेऊन दारात ठेवायचा. ती मला म्हणाली, "हा आठ दिसात येते माह्याकडं." तो सहाव्या दिवशी आला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून, अर्धा वाकलेला. मावशी त्याच्या बायकोला म्हणाली, "मी वाटच पाहून राहिली होती." ती बाई इतकी घाबरली की पदराचं टोक तिनं तोंडात धरलं.

सकाळी सात ते नऊ तिच्याकडे माणसं यायची. अंगणातल्या बाकावर बसायची, बसता येत नसेल ती भिंतीला धरून उभी राहायची. त्यांना ती एकेक करून मधल्या खोलीत घ्यायची. तिथं लाकडी स्टूल होतं आणि त्या स्टुलाची एक गंमत होती. त्यावर ती माठाच्या पाण्यात भिजवलेलं जाड फडकं घालायची आणि वरून जुन्या लुगड्याचा कोरडा तुकडा. माणूस टेकला की दोन क्षणांत पाणी वर यायचं आणि तो ओरडायचा. रोज सकाळी अभ्यास करताना मला भिंतीपलीकडून ते ओरडणं ऐकू यायचं.

"अबे! वलं आहे हे!"

"अय माय व, मावशी, लुगडं भिजलं ना माहं!"

मग तिचा शांत आवाज, "बरं झालं. झोप आता पालथा."

मी याला तिचा विक्षिप्तपणा समजत होते. माणूस थंड पाण्यानं दचकावं, दचकून अंग सैल पडावं, असं काहीतरी असेल, असं मी माझ्या विज्ञानातून जुळवूनही टाकलं होतं. त्याच्याआधी ती प्रश्न विचारायची. पायाचा अंगठा वर कर. टाचेवर चाल. लघवी केव्हा झाली? बायका लाजायच्या, पुरुष चिडायचे. "पाय लावाचा आहे का पंचनामा कराचा आहे?" एकानं विचारलं होतं. तिनं उत्तर दिलं, "पंचनामा मेल्यावर होते बाप्पा. म्हनून आंधीच करून राहिली."

आणि तिचा तो प्रसिद्ध पाय! मी एकदा दाराच्या फटीतून पाहिला. फुलपाखरू बसावं तसा तो पाठीवर टेकला आणि उचलला गेला. वजन अजिबात नाही. लोकांचं समाधान होत नसे.

"मावशी, जरा जोरानं द्या ना."

"जोराची लात पाहिजे त घरी जाय, बायकोले सांग. ते खुशीनं देते."

पाय लावून झाला की खरं काम सुरू व्हायचं. ती माणसाला तिथंच पुन्हा झोपायला लावायची आणि उठायला शिकवायची. सरळ उठून बसायचं नाही. आधी कूस, मग पाय खाली, मग कोपर, मग हात. पायात घालायला जोडा वर घ्यायचा, आपण खाली जायचं नाही. बादली उचलायची तर गुडघे वाकवायचे, बादली पोटाशी धरायची आणि वळायचं असेल तर पावलं वळवायची. शिंक आली तर भिंतीला हात लावायचा. पलंगावर चार दिवस पडून राहायचं नाही, थोडं थोडं चालायचं. "आन करन्याच्या आंधी तिले सांगाचं," ती शेवटी बजावायची. "मुकाट्यानं काहीच कराचं नाही. जे मानूस मांगून अचानक ढकलते, त्याच्यावर कोनी भरोसा ठेवते का?" चांगली धडधाकट माणसं मग तिच्या अंगणातून स्वतःशी पुटपुटत बाहेर पडायची. लांबून पाहणाऱ्याला ते घर वेड्यांचं वाटावं.

पण कधीकधी भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येत नसे. माणूस स्टुलावर बसलेला असायचा आणि शांतता. मग मावशी म्हणायची, "तुह्यावर माहा पाय चालत नाही. सरकारी दवाखान्यात जाय. आता, याच पावली."

माझ्या तीन वर्षांत असं तीनदा झालं. त्या वाक्याला गल्ली घाबरायची. मावशीनं ज्याला पाय नाकारला तो पुन्हा उठत नाही, असं बोललं जायचं. एका टेम्पोवाल्याला तिनं नाकारलं तर तो शिव्या देत निघून गेला, दवाखान्यात गेलाच नाही. महिन्याभरानं त्याची बायको आली आणि फाटकापाशी उभी राहिली. भर दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मावशी ओसरीवर उभी, ती बाई फाटकात उभी. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दहा मिनिटांनी ती बाई आली तशी गेली. मावशी त्या दिवशी जेवली नाही.

हे सगळं मी सुटीत घरी जाऊन रंगवून सांगायची. पावलं, मागची, ओलं स्टूल, नाकारलेला टेम्पोवाला. बाबा म्हणायचे, "असं काही नसते." आई काही म्हणायची नाही, पण तिचे कापूस निवडणारे हात थांबायचे. मी काय पेरत होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

शेवटच्या वर्षाचं शेवटचं प्रॅक्टिकल देऊन मी दुपारी परत आले, तर आई ओसरीवर उभी. बाजूला पिशवी. तेल्हाऱ्याहून अकोट, अंजनगाव करत ती एकटी एसटीनं आली होती. चेहरा राखेसारखा झालेला.

"आई? तू? काय झालं?"

"काही नाही व. कंबर धरली थोडी. तुह्या मावशीचा पाय लावून घेतो आन उद्याच्या गाडीनं वापस जातो. पेपर झाले ना तुहे?"

तिला चालताना मी पाहिलं. डावं पाऊल ती उचलत नव्हती, ओढत होती. मावशीही दारातून तेच पाहत होती.

मावशीनं तिला मधल्या खोलीत घेतलं. मी मागोमाग गेले. प्रश्न सुरू झाले. आई प्रत्येक प्रश्न उडवून लावत होती. मुंग्या नाहीत. लघवी बरोबर आहे. सगळं बरोबर आहे, फक्त पाय लावा.

"बरं," मावशी म्हणाली. "बस त्या स्टुलावर."

आई दोन्ही हात मांड्यांवर रेटत हळूच बसली. आणि बोलू लागली. "रस्ता काय खराब आहे बाप्पा. अकोटपासून उभ्यानंच आली मी. एक पोरगी म्हने काकू बसा, मी म्हनलं राहू दे, मले बसूनच जास्त दुखते..."

मी वाट पाहत होते. वर पंखा फिरत होता. आईचं लुगडं मागून गडद होत गेलं. मग स्टुलाच्या कडेवरून एक थेंब फरशीवर पडला. दुसरा पडला. तो आवाज खोलीत स्पष्ट ऐकू येत होता, टप, टप, आणि आई त्या पाण्यात बसून एसटीतल्या पोरीची गोष्ट सांगत होती. तीन वर्षं त्या स्टुलावर ओरडणारी माणसं मी ऐकली होती. त्या घटकेला मला कळलं की ते ओरडणं म्हणजे काय होतं.

मावशी म्हणाली, "बाई, तुह्यावर माहा पाय चालत नाही."

आईचं बोलणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य तिला माझ्याच तोंडून पाठ झालेलं होतं.

"मंग मले घरी ने," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मराचंच असंन त तिकडं. तुह्या बाबाले आताच काही सांगू नको."

"आई, तसं नाही ते! दवाखान्यात जायचं फक्त..."

"दवाखान्यात कायले? याईनंच नाही म्हटलं."

मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. माझी पदवी आता हातात आल्यासारखीच होती आणि माझ्या आईला मी एक वाक्य पटवू शकत नव्हते, कारण तिच्या मनातली ती भीती मीच पेरलेली होती.

तेव्हा मावशी चालत खोलीच्या मधोमध गेली आणि तिनं आपला डावा पाय त्या एकट्या डाव्या पावलावर ठेवला. बरोबर बसला.

"माह्याकडं पाह्य, बाई. आमचे हे मार्केटमंधी हमाल होते. सरकीचं पोतं उचलताना चमक भरली. लोक म्हने, दवाखान्यात चाल. हे म्हने, कायले? माही बायको पायाळू आहे. मी होती माहेरी, अंजनगावले. दोन दिस माह्या पायाची वाट पाह्यली याईनं. लघवी बंद होती, मांडीत जीव नव्हता, मले काहीच सांगितलं नाही. बायकोले काय सांगाचं असं! मी आली, हा पाय इथं रोवला आन हा देला." तिनं उजवा पाय किंचित वर उचलला. तो तसाच हवेत राहिला. आम्ही दोघी त्या पायाकडे पाहत होतो आणि त्याच्याखालच्या मोकळ्या फरशीकडे. "मंग ते उठलेच नाहीत. अकरा वर्सं इथं खाट होती. डॉक्टर म्हने, तुमच्या पायानं नाही झालं बाई, उशिरानं झालं. मी म्हनलं, उशीर कायचा होता मंग? माह्या पायाचाच ना?"

तिनं पाय खाली टेकवला.

"तू किती दिस वाट पाह्यली माह्या पायाची?"

आईनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "चार दिस झाले दुखून राहिलं. हिचे पेपर होऊ दे म्हनलं."

"आन लघवी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "काल सांजपासून नाही. मी म्हनलं पानीच कमी पेली."

"खाली बसल्याचं कळते का? तू वल्यात बसून आहे, बाई."

आईनं हात मागे नेला. ओल्या लुगड्याला बोटं लागली, तसा तिचा चेहरा बदलला. आपलंच अंग आपल्याला न सांगता कुठंतरी निघून गेलं आहे, हे तिला त्या क्षणी समजलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी येता का संगं?"

नवऱ्याला नेलं होतं त्या दवाखान्यात मावशीनं पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं. ती म्हणाली, "चाल."

रिक्षात ती आईच्या शेजारी बसली. खड्डा आला की आधीच सांगायची, "आता आदळते बरं का." सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं म्हणणं दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि लगेच धावपळ सुरू झाली. तिथून मोठ्या दवाखान्यात, तपासण्या, आणि त्याच दिवशी ऑपरेशन. मणक्यांमधली चकती सरकून खालच्या नसांचा सगळा झुबका दाबला गेला होता, असं मला समजावण्यात आलं. पायांत जोर येईल, असं ते म्हणाले. लघवीचं मात्र आताच सांगता येणार नाही. कधीकधी तो ताबा परत येत नाही.

त्या दिवसांत व्हरांड्यात मी मावशीला विचारलं, इतकं झाल्यावरही लोकांना पाय का लावता?

"नाही म्हटलं त दुसऱ्या पायाळूकडं जातात. तिथं कोनी काही पुसत नाही. माह्याकडं आले त स्टुलावर त बसतात."

सहाव्या दिवशी सकाळी आईची लघवीची नळी काढली. सिस्टर म्हणाल्या, दुपारपर्यंत आपोआप झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा नळी घालावी लागेल. कदाचित घरीही तशीच न्यावी लागेल. आईनं पाणी प्यायलं. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. निरोप मिळताच आलेले बाबा खाली औषधांच्या रांगेत होते. साडेअकराला आई म्हणाली, जाऊन पाहतो. मी आणि सिस्टरनी तिला धरून बाथरूममध्ये नेलं आणि तिच्या हट्टापायी आम्ही बाहेर आलो. दार नुसतं लोटलेलं. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. मी आणि मावशी दारापाशी उभ्या राहिलो.

आत काहीच आवाज नव्हता. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, कुठंतरी स्टीलचा डबा पडला. मावशीनं माझं मनगट धरलं. तिचे डोळे दारावर नव्हते, त्याच्या पलीकडे कुठंतरी होते आणि ओठ हलत होते. ती कुणाशी बोलत होती, मला कळलं नाही. मला इतकंच वाटलं की त्या दारापाशी आम्ही दोघीच नाही आहोत.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग आतून बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला आणि सुरूच राहिला.

मावशीनं माझं मनगट सोडलं नाही. "होऊन राहिली," ती कुजबुजली.

"काय व," आतून आईचा आवाज आला, चिडलेला, लाजलेला, "दोघी जनी दाराले कान लावून उभ्या आहे का? लाज नाही वाटत?"

मला हसू फुटलं आणि रडूही. मावशी मात्र हसली नाही. भिंतीला डोकं टेकवून ती उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"नाही वाटत," ती दाराकडे पाहून म्हणाली. "याच लाजीपाई एक गेला माहा. तू कर, बाई. खुशाल कर."

आत मगानं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "उभ्या राह्या मंग तिथंच. मले उठवाले या."